पैदाशीच्या सशांची निगा: नर दाखवण्यापासून पिल्ले तोडण्यापर्यंत

सशांची पैदास अगदी सोपी असते, असा समज आहे आणि त्याला कारणही आहे. मादी एका महिन्यात विते, एका वेताला सहा ते आठ पिल्ले देते आणि विल्यानंतर दुसऱ्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. हा हिशेब कागदावर मांडला, की एका मादीपासून वर्षाला साठ-सत्तर पिल्ले दिसू लागतात. खरेदीची हमी देऊन सशांचे संच विकणाऱ्या अनेक योजना याच हिशेबावर उभ्या राहिल्या आणि त्यात माझ्या ओळखीच्या कित्येकांचे पैसे अडकले. मी जुन्नर तालुक्यात गेली काही वर्षे वीस-बावीस माद्यांचा कळप सांभाळतो. या काळात एक गोष्ट मला पक्की कळली आहे: मोजायची असतील तर जन्मलेली पिल्ले मोजू नयेत, पाच आठवड्यांनी आईपासून निरोगी तोडलेली पिल्ले मोजावीत. या दोन आकड्यांमधले अंतर मादीच्या शरीराची आपण किती काळजी घेतली त्यावर ठरते. म्हणून या लेखात नर-मादीच्या संयोगापेक्षा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांबद्दल अधिक लिहिले आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा करणे आवश्यक आहे. आपल्या माळरानावर दिसणारा रानससा हा पाळीव सशाचा पूर्वज नव्हे. पाळीव ससा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशापासून आला आहे. आपला रानससा बीळ करत नाही आणि त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांची असतात. दोघांच्या गुणसूत्रांची संख्याही वेगळी आहे, पाळीव सशाची 44 आणि रानसशाची 48, त्यामुळे त्यांचा संकर होत नाही. शिवाय रानससा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. त्याला पकडून पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. शेतात सापडलेले पिल्लू घरी आणू नये, ते जिथे असेल तिथेच राहू द्यावे.

जनावरे निवडताना

महाराष्ट्रात पैदाशीसाठी न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट आणि ग्रे जायंट या जाती प्रामुख्याने मिळतात. यांपैकी कोणती चांगली, यावर लोक तासन्‌तास बोलतात, पण माझ्या मते जातीपेक्षा नोंदी महत्त्वाच्या आहेत. ज्या फार्मकडे मादीच्या आईची वेतांची नोंद नाही, तिथून मी जनावर घेत नाही. राजस्थानातल्या अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचे कोडाईकॅनालजवळ मन्नवनूर येथे केंद्र आहे आणि तिथे मांसल जातींच्या सशांवर काम चालते. अशा ठिकाणच्या जनावरांबरोबर वंशाची माहिती मिळते, हा मोठा फायदा असतो.

मादी हातात घेतल्यावर प्रथम तिचे सड मोजावेत. किमान आठ सड हवेतच आणि ते सगळे उघडे व सारखे असावेत. त्यानंतर ओठ वर करून पुढचे दात पाहावेत. वरचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे यायला हवेत. दात एकमेकांवर न बसता वाकडे वाढत असतील, तर तो दोष बहुतेक वेळा आनुवंशिक असतो आणि अशा जनावराची पैदास करू नये. कानाच्या आतल्या बाजूला तपकिरी पापुद्रे नसावेत, मागच्या पायांचे तळवे केसांनी भरलेले असावेत आणि पुढच्या पायांची आतली बाजू कोरडी असावी. ही शेवटची खूण फार कमी लोक पाहतात. सर्दीचा जुनाट रोग असलेला ससा पुढच्या पायांनी सतत नाक पुसत राहतो. विकणारा त्याचे नाक पुसून देऊ शकतो, पण पायाच्या आतले चिकटून गुठळी झालेले केस तसेच राहतात. हा रोग दबतो, पण मुळापासून जात नाही आणि आईकडून पिल्लांना लागतो.

नवीन जनावर आणल्यावर ते किमान तीन आठवडे वेगळ्या जागी ठेवावे आणि त्याची देखभाल रोज सर्वांत शेवटी करावी. नर आणि माद्या शक्यतो दोन वेगळ्या ठिकाणांहून घ्याव्यात. आठ ते दहा माद्यांना एक नर पुरतो, पण दहा माद्यांच्या कळपातही दोन नर असावेत असे माझे मत आहे. एकाच नरावर कळप अवलंबून असला आणि तो नर आजारी पडला किंवा उन्हाने निकामी झाला, तर पूर्ण हंगाम वाया जातो.

नर दाखवण्याचे वय आणि वेळ

मध्यम जातीची मादी साडेपाच ते सहा महिन्यांची झाल्यावर आणि तिचे वजन पूर्ण वाढीच्या सुमारे 80 टक्के झाल्यावरच तिला नर दाखवावा. मोठ्या जातींना सात-आठ महिने लागतात. नराला मादीपेक्षा एक महिना अधिक द्यावा. पाचव्या महिन्यात घाई केलेली मादी पहिल्या वेतात चार पिल्ले देते, ती नीट पोसत नाही, आणि तिची स्वतःची वाढही तिथेच थांबते. नराचा पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा आणि पुढेही आठवड्यातून दोन ते तीन वेळांपेक्षा जास्त वापर करू नये.

गाई-म्हशींसारखा ठरावीक दिवसांनी येणारा माज सशात नसतो. सशाच्या मादीचे बीज संयोगानंतर, त्याच उत्तेजनेने, साधारण दहा ते बारा तासांनी सुटते. म्हणून माजाची वाट पाहण्यापेक्षा मादी तयार आहे की नाही, हे पाहावे लागते. तिचे योनिमुख हलक्या हाताने उघडून बघितल्यास रंग कळतो. फिकट पांढुरका रंग असेल तर ती नर घेत नाही, गडद गुलाबी किंवा लाल आणि किंचित सुजलेले असेल तर घेते, जांभळट झाले असेल तर वेळ निघून चालली आहे असे समजावे.

मादीला नेहमी नराच्या पिंजऱ्यात न्यावे. नराला मादीच्या पिंजऱ्यात कधीही सोडू नये. मादी आपली जागा राखते आणि नरावर तुटून पडते. नखाच्या एका फटकाऱ्याने नराचे वृषण कायमचे जायबंदी झालेले मी पाहिले आहे. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची, थंडाव्याची असावी. नराच्या पिंजऱ्यातले पाण्याचे भांडे आणि गव्हाण आधी काढून घ्यावी. मादी तयार असेल तर ती अंग ताणून मागचा भाग उचलते, नर चढतो आणि काही सेकंदांतच बारीक आवाज करून एका कुशीवर किंवा मागे कोसळतो. हे कोसळणे म्हणजे संयोग पूर्ण झाल्याची खात्रीची खूण होय. त्यानंतर आणखी एकदा संयोग होऊ द्यावा आणि मादीला लगेच तिच्या जागी परत न्यावे. सहा ते आठ तासांनी पुन्हा एकदा नर दाखवला तर गाभण राहण्याची शक्यता वाढते. मादी कोपऱ्यात दबून बसली, गुरगुरली किंवा पिंजराभर पळत सुटली, तर दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ तिथे ठेवू नये. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करावा. रात्रभर दोघांना एकत्र ठेवण्याची पद्धत मात्र पूर्णपणे सोडून द्यावी, कारण त्यात संयोग झाला की नाही आणि झाला तर कधी, हे कळत नाही. तारीख ठाऊक नसेल तर पुढची सगळी तयारी अंदाजावर जाते.

गाभणपणाचे एकतीस दिवस

गाभणकाळ साधारण 30 ते 32 दिवसांचा असतो. समजा, 5 नोव्हेंबरला मादी भरवली, म्हणजे तिला नर दाखवला, तर 17 ते 19 नोव्हेंबरच्या दरम्यान पोट चाचपून पाहावे, 2 डिसेंबरला पेटी ठेवावी आणि 5 ते 7 डिसेंबरला वेताची अपेक्षा धरावी. या तारखा मी भरवल्याच दिवशी पिंजऱ्यावरच्या कार्डावर लिहून टाकतो.

चाचपणी शिकायला थोडा वेळ लागतो, पण ती शिकलीच पाहिजे. मादीला सपाट फळीवर किंवा गोणपाटावर आपल्याकडे तोंड करून बसवावे, एका हाताने खांद्यावरची सैल कातडी धरावी आणि दुसरा हात पोटाखालून मागच्या पायांच्या जरा पुढे न्यावा. अंगठा एका बाजूला, बोटे दुसऱ्या बाजूला ठेवून अगदी हलके मागे-पुढे सरकवले, की लहान बोरांएवढ्या, मऊ आणि बोटांखालून निसटणाऱ्या गोळ्या लागतात. लेंड्याही हाताला लागतात, पण त्या लहान, टणक आणि एका ओळीत असतात. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी आधी भाकड मादीचे पोट चाचपून पाहावे, म्हणजे फरक लक्षात येतो. चौदाव्या दिवसानंतर मात्र पोट दाबू नये. पुन्हा नर दाखवून 'घेतला नाही म्हणजे गाभण आहे' असे ठरवणेही चूक आहे, कारण गाभण मादी कधी कधी नर घेते आणि भाकड मादी कधी कधी नाकारते.

काही माद्या गाभण नसतानाही सोळा-सतरा दिवसांनी छातीचे केस उपटून घरटे करायला लागतात. ही खोटी गर्भधारणा असते. ती संपल्यावर लगेच मादी नर चांगला घेते, म्हणून अशा वेळी ती संधी सोडू नये.

या काळातला खुराक हा बहुतेक ठिकाणी चुकतो. गाभण आहे म्हणून पहिल्या दिवसापासून भरपूर खाऊ घालणे हे प्रेमाचे वाटते, पण लठ्ठ मादी अवघड विते आणि शेवटच्या आठवड्यात खाणे सोडून एक-दोन दिवसांत मरूही शकते. साडेतीन किलोच्या मादीला पहिले वीस दिवस 110 ते 120 ग्रॅम गोळी खाद्य पुरेसे असते. शेवटच्या दहा दिवसांत ते हळूहळू 150 ग्रॅमपर्यंत न्यावे. तिच्या पाठीवरून बोटे फिरवावीत. कण्याच्या गाठी जाणवल्या पाहिजेत, पण टोचता कामा नयेत. खाद्यात 16 ते 18 टक्के प्रथिने असावीत आणि तंतू कमी पडू नयेत, त्यासाठी वाळलेले गवत दिवसभर समोर असावे. लसूणघास, हडगा, शेवरी, दशरथ घास, शेवग्याचा पाला हे सगळे चालते, मात्र तोडल्यावर काही तास सावलीत सुकवून द्यावे. सुबाभूळ थोडीच द्यावी, तिच्यात मिमोसिन हे अपायकारक द्रव्य असते. पावसाळ्यातला कोवळा लुसलुशीत चारा, कोवळी ज्वारी आणि बुरशी आलेली शेंगदाणा पेंड टाळावी. कोंबड्यांचे खाद्य तर कधीच देऊ नये, कारण त्यात तंतू फार कमी असतात आणि सशाला न चालणारी औषधे मिसळलेली असू शकतात. ससा रात्री आणि पहाटे स्वतःच्या मऊ, चकचकीत लेंड्या थेट गुदद्वारातून खातो. नवख्या माणसाला तो आजार वाटतो, पण ती त्याची नैसर्गिक पचनपद्धती आहे.

पेटी आणि वेत

पेटी लाकडाची किंवा प्लायवूडची, साधारण 45 सेंटिमीटर लांब, 30 रुंद आणि 30 उंच असावी. पुढची फळी 15 सेंटिमीटरच ठेवावी, म्हणजे मादी सहज आत जाते आणि पिल्ले मात्र बाहेर येत नाहीत. तळाला चार-सहा छिद्रे पाडावीत, नाहीतर मूत्र साठते. ही पेटी 27 व्या दिवशी ठेवावी. आठवडाभर आधी ठेवली तर मादी तिचा शौचालयासारखा वापर करते आणि उशीर झाला तर पिल्ले जाळीवर पडतात. आत भाताचा मऊ पेंढा किंवा चांगले वाळलेले गवत घालावे. गोणपाटाचे तुकडे, काथ्या आणि सुताचा गुंता वापरू नये. पिल्लाच्या पायाला एक धागा गुंडाळला गेला, तर दोन दिवसांत पाय काळा पडतो.

वेताच्या आदल्या दिवशी मादी खाणे कमी करते, तोंडात गवत धरून फिरते आणि छातीवरचे व पोटावरचे केस उपटून पेटीत पसरते. यामुळे घरटे उबदार होते आणि सडही उघडे पडतात. बहुतेक माद्या रात्री किंवा पहाटे वितात आणि सगळे वेत अर्ध्या तासात आटोपते. या काळात दोन गोष्टी लागतात, शांतता आणि पाणी. विल्यानंतर मादीला प्रचंड तहान लागते, आणि पाणी नसेल तर ती पिल्ले खाण्याचा धोका वाढतो. दिवाळीतले फटाके, मिरवणुकीतले ढोल किंवा रात्री शेडभोवती फिरणारे मांजर यांनी बिथरलेली मादी पिल्लांवर उडी मारून त्यांना तुडवते. आमच्या गावात गणपतीच्या विसर्जनाचा मार्ग शेडवरूनच जातो, म्हणून त्या दहा दिवसांत आणि दिवाळीत एकही वेत येणार नाही अशा बेताने मी तारखा धरतो.

व्याल्यानंतर काही तासांनी, मादीला एखादी आवडती पालेदार काडी देऊन बाजूला ठेवावे आणि पेटी पाहावी. हात साबणाने धुवून त्याच मादीच्या केसांनी चोळून घ्यावेत. मेलेली पिल्ले, वारेचे तुकडे आणि ओले झालेले गवत काढून टाकावे आणि जिवंत पिल्ले मोजून केसांखाली पुन्हा एकत्र ठेवावीत. एखादे पिल्लू जाळीवर पडून गार झाले असेल तर ते मेले असे लगेच ठरवू नये. मी असे पिल्लू सदऱ्याच्या आत छातीशी धरतो. कित्येकदा दहा-पंधरा मिनिटांत ते आखडलेले पाय पसरते आणि हळूच तोंड उघडते. पूर्ण उबदार झाल्यावरच त्याला भावंडांत ठेवावे, कारण थंड पिल्लू दूध ओढू शकत नाही. सशाची आई इतर प्राण्यांसारखी बाहेर पडलेले पिल्लू तोंडात धरून आत आणत नाही, ते काम आपल्यालाच करावे लागते.

पहिल्या दहा दिवसांतली रोजची पाहणी

पहिल्यांदा ससे पाळणाऱ्याला सर्वांत मोठी भीती वाटते ती 'आई पिल्लांजवळ जातच नाही' याची. ही भीती अनाठायी आहे. सशाची मादी चोवीस तासांत एकदा, फार तर दोनदा, पाजते आणि तेही केवळ तीन ते पाच मिनिटे. तिचे दूध फार घट्ट आणि पोषक असते. म्हणून आई कुठे बसली आहे याकडे न पाहता पिल्लांचे पोट पाहावे. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची कातडी इतकी पातळ असते, की पोटात दूध असेल तर डाव्या बरगड्यांखाली त्याचा पांढरा पट्टा स्पष्ट दिसतो. पोसलेली पिल्ले गोल, गुळगुळीत आणि शांत पडलेली असतात. उपाशी पिल्लांची कातडी सुरकुतते, पोट आत जाते आणि पेटीवर हात धरताच ती वर उसळ्या मारतात. दोन दिवस सलग असे दिसले तर आईचे सड पाहावेत. ते गरम, कडक आणि लालसर-निळसर झाले असतील तर सडसूज आहे, ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवावे आणि त्या मादीची पिल्ले दुसऱ्या मादीखाली ठेवू नयेत, कारण संसर्ग तिलाही होतो.

एका मादीखाली सात-आठपेक्षा जास्त पिल्ले ठेवण्यात अर्थ नाही. याचसाठी मी नेहमी दोन-तीन माद्या एकाच दिवशी भरवतो. एकीला अकरा आणि दुसरीला पाच पिल्ले झाली, तर पहिल्या तीन दिवसांत तीन पिल्ले सहज हलवता येतात. दोन्ही वेतांच्या वयात दोन दिवसांपेक्षा जास्त फरक नसावा. हलवताना सशक्त पिल्ले हलवावीत आणि दुबळी स्वतःच्या आईकडे ठेवावीत. नवीन पिल्ले त्या घरट्यातल्या केसांत मधोमध पुरून ठेवावीत, म्हणजे तासाभरात त्यांना तिथला वास लागतो.

पिल्ले उघडी आणि आंधळी असतानाच्या या दिवसांत मुंग्या, उंदीर आणि साप हे खरे शत्रू असतात. माझ्या दुसऱ्याच हंगामात एका पहाटे लाल मुंग्यांनी पूर्ण पेटी व्यापली आणि सहा पिल्लांपैकी एकही वाचले नाही. पिंजऱ्याच्या चारही पायांखाली मी पाणी भरलेल्या वाट्या ठेवल्या नव्हत्या, एवढेच त्याचे कारण होते. तेव्हापासून वाट्यांतले पाणी पाहणे हे माझे सकाळचे पहिले काम आहे. शेडची जाळी उंदराला आत येऊ देणार नाही इतकी बारीक असावी.

दहाव्या ते बाराव्या दिवशी डोळे उघडतात. बाराव्या दिवशीही ज्याचे डोळे मिटलेले असतील, त्याचे डोळे उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने हलके पुसावेत, चिकटलेला पू निघाला की ते उघडतात. तसेच सोडले तर दृष्टी जाते. अठराव्या-विसाव्या दिवसापासून पिल्ले बाहेर येऊन आईचे खाद्य चघळू लागतात. तोवर पेटीतले गवत दोन वेळा बदललेले असावे आणि चौथ्या आठवड्यात पेटी काढून धुऊन उन्हात टाकावी.

दूध पाजणाऱ्या मादीचे खाद्य मात्र हात राखून देऊ नये. वेताच्या दिवशी कमी द्यावे, मग आठवडाभरात वाढवत 250 ते 300 ग्रॅमपर्यंत न्यावे, आणि तिसऱ्या आठवड्यात, जेव्हा दूध सर्वांत जास्त असते, तेव्हा ती खाईल तेवढे द्यावे. पाजणारी मादी दिवसाला एक लिटर किंवा त्याहूनही जास्त पाणी पिते. पिंजऱ्यात पाण्यासाठी निपल बसवलेले असतील तर प्रत्येक निपल रोज बोटाने दाबून पाहावे. एक बंद पडलेले निपल पूर्ण वेताचे दूध आटवू शकते.

तोडणे आणि पुन्हा भरवणे

पिल्ले 35 दिवसांची झाल्यावर तोडावीत. पिल्लांना आहे त्याच पिंजऱ्यात ठेवून मादीला बाहेर काढावे, म्हणजे दूध सुटणे आणि जागा बदलणे असे दोन धक्के एकाच दिवशी बसत नाहीत. त्या आठवड्यात खाद्य बदलू नये. चार ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना कॉक्सिडिया या परजीवीचा त्रास सर्वाधिक होतो. पोट फुगणे, पातळ हगवण आणि केस विस्कटणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि पावसाळ्यातल्या दमटपणात तो झपाट्याने पसरतो. जाळीखालची लेंडी रोज काढणे आणि गव्हाणीत लेंडी पडू न देणे हा औषधापेक्षा मोठा उपाय आहे.

लिंग ओळखण्यासाठी पिल्लाला उताणे धरून जननेंद्रियाच्या दोन्ही बाजूंना हलका दाब द्यावा. नराचे तोंड गोल असते आणि नळीसारखे वर येते, मादीचे लांबट चिरेसारखे दिसते. दहाव्या आठवड्याच्या आत नर आणि माद्या वेगळ्या कराव्यात. ज्या मादीने सलग तीन वेतांत सहा किंवा अधिक पिल्ले तोडली असतील, तिच्याच पिल्लांतून पुढची पैदास निवडावी. दिसायला देखणे पिल्लू म्हणून निवड करू नये.

व्याल्यानंतर पुन्हा कधी भरवावे, यावर बरेच मतभेद आहेत. काही जण दुसऱ्याच दिवशी, काही अकराव्या-बाराव्या दिवशी भरवतात. कंपनीचे तयार खाद्य आणि गार शेड असेल तर दुसरी पद्धत चालू शकते, पण आपल्या हवामानात आणि घरच्या चाऱ्यावर अशी मादी दीड वर्षात संपते. मी वेतानंतर चौथ्या आठवड्याच्या शेवटी मादीची पाठ आणि वजन पाहतो, अंगावर मांस असेल तर नर दाखवतो आणि त्यानंतर आठवड्याने पिल्ले तोडतो. म्हणजे पुढच्या वेताआधी तिला साडेतीन आठवडे दूध न देता मिळतात. हाडे लागत असतील तर आणखी पंधरा दिवस थांबतो.

आजारांविषयी थोडे

कानातली खरूज सर्वत्र आढळते. कानात तपकिरी पापुद्र्यांचे थर साचतात आणि ससा डोके हलवतो. हे पापुद्रे खरवडून काढू नयेत, त्याने जखम होते. पशुवैद्यकाकडून आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन योग्य मात्रेत घ्यावे, दहा-चौदा दिवसांनी पुन्हा द्यावे, आणि शेजारच्या पिंजऱ्यांवरही उपचार करावेत. कुत्र्यांसाठी मिळणारे फिप्रोनिल असलेले औषध सशाला लावू नये, ते त्याला विषारी ठरते. त्याचप्रमाणे अमॉक्सिसिलिन किंवा अँपिसिलिनसारखे औषध तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातले उपयुक्त जंतू मरतात आणि जीवघेणी हगवण लागते. औषधाच्या दुकानातून स्वतःहून प्रतिजैविक आणून देण्याची सवय यासाठीच मोडली पाहिजे. मागच्या पायांच्या तळव्यांना जखमा होत असतील तर पिंजऱ्यात बसण्यापुरती एक लाकडी फळी ठेवावी. जड नरांना आणि मोठ्या माद्यांना ती आधीपासूनच द्यावी.

उन्हाळा

हा भाग शेवटी असला तरी माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. सशाला घाम येत नाही. तो अंगातली उष्णता मुख्यतः कानांतून आणि श्वासावाटे बाहेर टाकतो. तापमान सलग काही दिवस 30 अंशांच्या वर राहिले, की नराच्या वीर्याची प्रत घसरते, आणि एप्रिल-मेमध्ये 38-40 अंशांपर्यंत जाणाऱ्या आपल्या भागात नर पूर्ण वांझ होऊ शकतो. नर उत्साहाने चढतो, कोसळतो, सगळे नेहमीसारखे दिसते, पण मादी उलटते, म्हणजे गाभण राहत नाही. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात जून महिन्यात भरवलेल्या नऊ माद्यांपैकी एकही गाभण राहिली नाही. दोष माद्यांचा आहे असे समजून मी त्यांतल्या चार विकून टाकल्या. त्यांपैकी दोन माद्या मागच्या वेताला प्रत्येकी आठ पिल्ले देणाऱ्या होत्या. नंतर पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांनी समजावून सांगितले, की नवे शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला सहा ते आठ आठवडे लागतात, त्यामुळे पाऊस पडून हवा गार झाली तरी नर लगेच सुधारत नाही. विकलेल्या माद्या परत मिळणार नव्हत्या.

तेव्हापासून शेवटची मादी मी फेब्रुवारीच्या अखेरीस भरवतो, म्हणजे तिची पिल्ले एप्रिलच्या सुरुवातीला येतात आणि मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तुटतात. त्यानंतर सगळ्या माद्यांना विश्रांती देतो. छपराला चुना लावणे, त्यावर उसाचे पाचट टाकणे, पश्चिमेच्या बाजूला ओली गोणपाटे लावणे आणि दुपारी नरांच्या पिंजऱ्यात गोठवलेल्या पाण्याची बाटली ठेवणे एवढे केले तरी मोठा फरक पडतो. शेडमधली सर्वांत गार जागा माद्यांना न देता नरांना द्यावी. ससा तोंड उघडून धापा टाकू लागला, कान लाल झाले, नाक ओले दिसले, तर त्याला सावलीत नेऊन ओल्या फडक्याने कान पुसावेत. थंड पाण्यात बुडवू नये, त्या धक्क्याने तो मरू शकतो.

ऑगस्टच्या सुरुवातीला पहिल्या फेरीत प्रत्येक नराला एकच मादी देतो आणि बारा-चौदा दिवसांनी चाचपून पाहतो. ज्याची मादी गाभण निघते, त्या नराकडे बाकीच्या माद्या पाठवतो. ज्याची उलटते, त्याला आणखी तीन आठवडे थांबवतो आणि मादी मात्र त्याच आठवड्यात दुसऱ्या नराला दाखवतो. ऑगस्ट ते फेब्रुवारी या सात महिन्यांत एका मादीची चार वेते निघतात. हिवाळ्यात दिवस अकरा तासांवर आला, की माद्या नर घेण्यास टाळाटाळ करतात, म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी शेडमध्ये संध्याकाळी तीन-साडेतीन तास दिवा लावतो, म्हणजे उजेड चौदा तासांच्या वर राहतो. दिव्याची वेळ रोज एकच ठेवावी लागते. वीज जाण्याचा भरवसा नसल्यामुळे मी तो छोट्या सौर बॅटरीवर आणि टायमरवर जोडून घेतला आहे.